मुलांच्या कॉलेजसाठी आयआरएमधून पैसे काढताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत मी लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. येणाऱ्यांत मराठी घरं बरीच, आणि त्यांतल्या अनेक घरांत या घडीला कुणी ना कुणी कॉलेजात आहे. फेब्रुवारी उजाडला की टेबलावर एक कागद हमखास येतो: फॉर्म १०९९-आर, म्हणजे आयआरएसारख्या निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढल्याची नोंद. त्याच्या सातव्या चौकटीत बारीक '१' छापलेला असतो. कागद पुढे सरकवत समोरचे म्हणतात, "मुलीच्या फीसाठी काढले होते. शिक्षणाला टॅक्स नसतो ना?"

या एका गैरसमजापायी चांगल्या शिकलेल्या माणसांचे हजारो डॉलर गेलेले मी पाहिले आहेत. पैसे काढून झाल्यावर मला फारसं काही करता येत नाही. म्हणून काढण्याआधीच वाचता यावीत अशी ही उत्तरं. आकडे अमेरिकेच्या केंद्रीय कराचे आणि २०२५ या करवर्षाचे आहेत.

शिक्षणासाठी काढले तर टॅक्स लागत नाही, हे खरं का?

नाही. दंड लागत नाही, टॅक्स लागतो. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

ट्रॅडिशनल आयआरएमध्ये पैसे घातले तेव्हा तुम्ही त्यावर टॅक्स भरलेला नसतो. ते बाहेर काढले की त्या वर्षीच्या पगारात मिळवले जातात आणि तुमच्या नेहमीच्या दराने टॅक्स बसतो. मग ते फीला वापरा, घराच्या छपराला वापरा, नाहीतर नुसते बँकेत ठेवा. वयाची साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण होण्याआधी काढले तर यावर आणखी १० टक्के भरावे लागतात. कायदा त्याला 'अतिरिक्त कर' म्हणतो, आपण दंडच म्हणू. १९९७ च्या कायद्याने उच्च शिक्षणाच्या खर्चापुरता हा दंड माफ केला. माफी आहे ती एवढीच.

समजा नवराबायको दोघं कमावतात, एकत्र रिटर्न भरतात आणि २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. त्यांनी २०,००० डॉलर काढले. टॅक्स ४,४००. शिक्षणाचं कारण नसतं तर वर २,००० दंड, म्हणजे ६,४०० गेले असते. कारण आहे म्हणून ४,४०० वर भागलं. हातात उरले १५,६००, आणि राज्याचा टॅक्स अजून बाकी आहे. भारतात पीएफमधून मुलांच्या शिक्षणासाठी आगाऊ रक्कम काढायची सवय असलेल्यांना हे फार लागतं, कारण इथेही तसंच असेल असं त्यांनी मनात धरलेलं असतं.

माझे पैसे ऑफिसच्या ४०१-के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात आहेत. मलाही ही सवलत आहे ना?

नाही! हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. शिक्षणाची सवलत फक्त आयआरएला आहे: ट्रॅडिशनल, रॉथ, सेप आणि सिंपल. ४०१-के आणि ४०३-बी (शाळा, रुग्णालयांसारख्या संस्थांतलं तसंच खातं) ला ती नाही.

फसगत कुठे होते ते सांगते. बऱ्याच कंपन्यांच्या योजनेत 'हार्डशिप विथड्रॉवल' (अडचणीत पैसे काढण्याची सोय) असतं आणि त्याच्या कारणांच्या यादीत पुढच्या बारा महिन्यांची कॉलेजची फी स्पष्ट लिहिलेली असते. माणूस अर्ज करतो, कंपनी मंजूर करते, पैसे खात्यात येतात. मंजूर झालं म्हणजे दंडही माफ झाला, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण त्या मंजुरीचा अर्थ एवढाच की योजनेच्या नियमात बसतंय म्हणून पैसे बाहेर काढू देतो. टॅक्सही लागतो आणि १० टक्केही लागतात. शिवाय हार्डशिपचे पैसे परत आत घालता येत नाहीत.

मग जुन्या नोकरीचं ४०१-के आयआरएमध्ये वळवून तिथून काढले तर?

चालतं. पैसे एकदा आयआरएमध्ये आले की त्यांना आयआरएचे नियम लागू होतात. फक्त क्रम चुकवू नका: आधी वळवायचे, मग काढायचे. वळवताना चेक तुमच्या नावाने घेऊ नका, एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे थेट जाऊ द्या. तुमच्या हातात आले तर २० टक्के कापूनच येतील.

एक अपवाद मात्र बघून घ्या. ज्या वर्षी पंचावन्न पूर्ण होतात त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडली असेल, तर त्या नोकरीच्या ४०१-के मधून कुठल्याही कारणासाठी दंडाशिवाय काढता येतात. ते पैसे आयआरएमध्ये नेले की ही मुभा जाते. पंचावन्न ते साडेएकोणसाठच्या मधल्या माणसाने उगाच वळवावळवी करू नये.

४०१-के वर कर्ज काढणं बरं का?

कंपनीच्या योजनेत कर्जाची सोय असेल तर आयआरएला हात लावण्याआधी याचा जरूर विचार करा. खात्यात हक्काच्या झालेल्या रकमेच्या निम्मे, जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळतात. टॅक्स नाही, दंड नाही, व्याज आपल्याच खात्यात जातं. साधारण पाच वर्षांत पगारातून फेडायचं. धोका नोकरी जाण्याचा. नोकरी सुटली आणि त्या वर्षीच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत तेवढी रक्कम भरून काढता आली नाही, तर उरलेलं कर्ज 'काढलेले पैसे' धरलं जातं. मग टॅक्स आला, आणि साडेएकोणसाठच्या आत असाल तर दंडही. व्हिसावर असलेल्यांनी या वाक्याशी जरा थांबावं.

आयआरएवर कर्ज मिळत नाही.

रॉथ आयआरएचं काय?

इथे परिस्थिती बरी आहे. रॉथमध्ये टॅक्स भरून झालेले पैसे घातलेले असतात, म्हणून स्वतः दरवर्षी घातलेली मुद्दल कधीही, कुठल्याही कारणासाठी, टॅक्स आणि दंड दोन्हींशिवाय निघते. आधी मुद्दलच निघते असा कायद्याचाच क्रम आहे: पहिली घातलेली रक्कम, मग कन्व्हर्जनची (ट्रॅडिशनलमधून रॉथमध्ये वळवलेली) रक्कम, सगळ्यात शेवटी वाढ. दहा वर्षांत ४५,००० घातले आणि खातं ८०,००० झालं असेल, तर पहिल्या ४५,००० पर्यंत शिक्षणाची सवलत मागायचीसुद्धा गरज नाही.

वाढीला हात लागला की मात्र साडेएकोणसाठच्या आत त्यावर टॅक्स लागतो. शिक्षणाच्या कारणाने दंड तेवढा वाचतो. 'बॅकडोअर रॉथ' (आधी ट्रॅडिशनलमध्ये घालून मग रॉथमध्ये वळवणं) करणाऱ्या आपल्या आयटीतल्या मंडळींनी एक लक्षात ठेवावं: तुमची रक्कम मुद्दल या खणात नाही, कन्व्हर्जनच्या खणात जाते. प्रत्येक कन्व्हर्जनला पाच वर्षांचं वेगळं घड्याळ असतं. दरवर्षीचा फॉर्म ८६०६ जपून ठेवला नसेल तर कुठली रक्कम कुठल्या खणात आहे हे दहा वर्षांनी शोधणं फार त्रासाचं होतं. तो जपा.

कुणाच्या शिक्षणासाठी चालतं? पुतण्याची फी भरली तर?

स्वतः तुम्ही, तुमचा जोडीदार, तुमची किंवा जोडीदाराची मुलं आणि नातवंडं. मूल तुमच्या रिटर्नवर अवलंबित असण्याची अट नाही, त्यामुळे नोकरीला लागून पुन्हा मास्टर्स करणाऱ्या मुलासाठीही चालतं.

पुतण्या, भाची, धाकटा भाऊ, मेहुणी यांच्यासाठी नाही. आपल्याकडे काकाने पुतणीचं शिक्षण करणं यात विशेष काही नाही. मीही काकांच्याच घरी राहून शिकले. पण इथल्या कायद्याच्या यादीत ते नातं नाही. पुतणीला मदत करायचीच असेल तर साध्या बचतीतून करा, आयआरएतून नको.

आजी-आजोबांची साडेएकोणसाठ पूर्ण झाली असतील तर त्यांच्यासाठी हा प्रश्नच उरत नाही, वयामुळे दंड तसाही नसतो.

कोणते खर्च धरले जातात?

ट्यूशन, कॉलेजची सक्तीची फी, अभ्यासक्रमाला आवश्यक असलेली पुस्तकं, साहित्य आणि उपकरणं. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी लागणाऱ्या सेवा. आणि विद्यार्थी किमान अर्धवेळ शिकत असेल तर राहणं-जेवण.

घरी येण्याजाण्याची विमानाची तिकिटं नाहीत. आरोग्य विमा नाही, गाडी नाही, डॉर्मच्या खोलीतला फ्रिज आणि गादी नाही. लॅपटॉप कॉलेजने सक्तीचा केला असेल तर तसं लिहिलेला कागद जपून ठेवा. तसा कागद नसेल तर लॅपटॉप हिशोबात धरू नका, एवढंच मी सांगेन.

मुलगा डॉर्ममध्ये नाही, मित्रांबरोबर अपार्टमेंट घेऊन राहतो. भाडं धरता येईल?

येईल, पण जेवढं भाडं तेवढं सगळं नाही. प्रत्येक कॉलेज दरवर्षी 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' (वर्षभर शिकण्याचा अंदाजे खर्च) जाहीर करतं आणि त्यात बाहेर राहणाऱ्यांच्या राहण्या-जेवणाचा एक आकडा असतो. तुमची मर्यादा तो आकडा. मुलाने १८,००० खर्च केले आणि कॉलेजचा आकडा १४,५०० असेल तर १४,५०० च धरायचे. कॉलेजच्याच वसतिगृहात राहत असेल तर कॉलेजने घेतलेली प्रत्यक्ष रक्कम त्या आकड्यापेक्षा जास्त असली तरी चालते. घरी राहून शिकणाऱ्यांसाठीही कॉलेजचा वेगळा, लहान आकडा असतो. आर्थिक मदतीच्या ऑफिसला एक ईमेल टाकला की लेखी उत्तर मिळतं. ते रिटर्नच्या फाइलीत लावून ठेवा.

स्कॉलरशिप मिळाली आहे, तर ती वजा करायची का?

हो. करमुक्त स्कॉलरशिप, पेल ग्रँट, कंपनीकडून मिळालेली करमुक्त शैक्षणिक मदत, माजी सैनिकांना मिळणारी मदत, हे सगळं एकूण खर्चातून वजा करायचं. उरेल तेवढ्यापुरतीच दंडमाफी. कर्ज काढून भरलेली फी, आजोबांनी भेट म्हणून दिलेले पैसे, आपली बचत, हे वजा करायचं नाही.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. काढलेली नोट आणि भरलेली फी यांचा धागा जुळवून दाखवावा लागत नाही. त्या वर्षाचा पात्र खर्च किती आणि त्या वर्षी आयआरएतून काढले किती, या दोन बेरजा बघायच्या.

फी कधी भरली आणि पैसे कधी काढले, याने फरक पडतो?

पडतो, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. दोन्ही एकाच कॅलेंडर वर्षात हवं. शैक्षणिक वर्ष धरायचं नाही, जानेवारी ते डिसेंबर.

माझ्याकडे आलेल्या एका काकांची गोष्ट सांगते. मुलगी मे महिन्यात पदवीधर झाली. चार वर्षांची फी त्यांनी पालकांच्या नावे मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या कर्जातून भरली होती. व्याजदर बघून त्यांना झोप लागेना, म्हणून पुढच्या मार्चमध्ये आयआरएतून ३०,००० काढून कर्जाचा मोठा हिस्सा फेडून टाकला. पै न् पै शिक्षणावरच गेली, यात शंका नाही. पण फी भरली गेली ती आधीच्या वर्षांत. काढलेल्या वर्षात खर्च होता तो कर्जफेडीचा, आणि कर्जफेड हा उच्च शिक्षणाचा खर्च धरला जात नाही. दंड ३,००० डॉलर. काका रिटर्नच्या त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून होते. मला दुसरं काहीच सांगता आलं नाही. तेच पैसे मुलगी शिकत असताना, त्या त्या वर्षी काढले असते तर हा दंड शून्य होता.

क्रेडिट कार्डाचंही तसंच. आधीच्या वर्षांत कार्डावर टाकलेला शिक्षणाचा खर्च नंतर आयआरएतून फेडण्याचं असंच एक प्रकरण २००५ मध्ये अमेरिकेच्या टॅक्स कोर्टात गेलं आणि कोर्टाने सवलत नाकारली.

स्प्रिंग सेमिस्टरचं बिल डिसेंबरात येतं. ते डिसेंबरात भरणार असाल तर पैसेही ३१ डिसेंबरच्या आत काढा. जानेवारीत काढणार असाल आणि कॉलेजची मुदत परवानगी देत असेल तर बिलही जानेवारीत भरा. शेअर विकून पैसे हातात येईपर्यंत काही दिवस जातात, तेही धरून चाला.

चुकून जास्त काढले गेले. परत घालता येतील?

साठ दिवसांच्या आत, बारा महिन्यांतून एकदाच. एकसष्टाव्या दिवशी सहसा कुणी ऐकत नाही.

मुलगा पुण्यात शिकतोय. तिथली फी चालेल?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-साहाय्य योजनांत भाग घ्यायला पात्र असलेलीच संस्था चालते. अमेरिकेतली जवळजवळ सगळी मान्यताप्राप्त कॉलेजं त्यात येतात, परदेशातल्या काही विद्यापीठांनाही ही पात्रता आहे. संस्थेचा सहा खुणांचा केंद्रीय कोड एफएएफएसएच्या, म्हणजे विद्यार्थ्याने केंद्राकडे मदतीसाठी करायच्या अर्जाच्या, शोधयादीत सापडतो का ते बघा. कॉलेज नामवंत आहे, एवढ्यावर विसंबू नका.

टॅक्स आधीच कापून घेतात का? किती काढावेत?

तुम्ही काही सांगितलं नाही तर आयआरएतून १० टक्के कापले जातात. फॉर्म डब्ल्यू-४आर भरून तो आकडा बदलता येतो. २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे १० टक्केच कापले तर एप्रिलमध्ये उरलेले १२ टक्के खिशातून भरायचे आहेत. ते पैसे तेव्हा नसतात, हा माझा अनुभव.

फीला पूर्ण २०,००० हवे असतील तर २२ टक्क्यांच्या दराने २५,६४१ काढावे लागतात. त्या वर्षाचा एकूण पात्र खर्च ३०,००० असेल तर या सगळ्या रकमेवर दंडमाफी आहे. पण पात्र खर्च २०,००० च असेल तर टॅक्ससाठी वर काढलेल्या ५,६४१ वर १० टक्के, म्हणजे ५६४ डॉलर दंड बसतो.

अजून एक नुकसान लोकांच्या ध्यानात येत नाही. कॉलेजच्या पहिल्या चार वर्षांसाठी 'अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी' नावाची, दर विद्यार्थ्यामागे २,५०० डॉलरपर्यंतची सूट मिळते. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या वर गेलं की ती कमी होत जाते आणि १ लाख ८० हजारांना संपते. दीड लाखांवर असलेल्या घराने ३०,००० काढले तर टॅक्स वेगळाच, ही २,५०० ची सूटही गेली. शक्य असेल तर रक्कम दोन वर्षांत विभागून काढा.

एफएएफएसएवर परिणाम होतो का?

आयआरएतली शिल्लक त्यात मालमत्ता म्हणून धरत नाहीत. काढलेली रक्कम मात्र उत्पन्न म्हणून दिसते, आणि रॉथची करमुक्त मुद्दलही त्यात मोजली जाते. एफएएफएसए दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतं. २०२५ च्या फॉलमध्ये कॉलेजात गेलेल्या मुलीच्या शेवटच्या वर्षासाठी २०२६ चं उत्पन्न बघितलं जाईल. म्हणून तिच्यासाठी जानेवारी २०२७ नंतर काढलेले पैसे चार वर्षांच्या मदतीच्या हिशोबात येतच नाहीत. पहिल्या दोन वर्षांची फी बचतीतून आणि नंतरची आयआरएतून, असा क्रम जमला तर पाहावा. धाकटं भावंड मागोमाग असेल तर हे गणित बदलतं.

राज्याचा टॅक्स?

कॅलिफोर्निया मुदतीआधी काढल्यावर स्वतःचा अडीच टक्के दंड लावतं, पण शिक्षणाच्या कारणाने तोही वाचतो. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथे पगारावर किंवा आयआरएतून काढलेल्या रकमेवर राज्याचा आयकर नाही. आमच्या न्यू जर्सीत आयआरएत घालताना राज्याची वजावट मिळत नाही, म्हणून थेट आयआरएत घातलेली मुद्दल काढताना तिच्यावर पुन्हा राज्याचा टॅक्स लागत नाही. सगळी रक्कम उत्पन्नात टाकून टॅक्स जास्त भरलेली रिटर्नं मी कितीतरी दुरुस्त केली आहेत.

आम्ही कायमचे भारतात परत आलो, आयआरए तिकडेच आहे.

दंडमाफीचा नियम तुम्हालाही तोच. अनिवासी परदेशी म्हणून सर्वसाधारणपणे ३० टक्के कापले जातात आणि फॉर्म १०४०-एनआर भरून हिशोब होतो. भारतात निवासी झाल्यावर या खात्यांवरची वाढ दरवर्षी भारतात करपात्र होऊ नये, अमेरिकेत कर लागेल त्याच वर्षी व्हावी, यासाठी १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९अ आणि फॉर्म १०-ईई आले. पैसे काढण्याआधी दोन्ही देशांचं रिटर्न समजणाऱ्या सीएशी बसून बोला. दोघांपैकी एकाच देशाचं ऐकून काढू नका.

तुमचं मत काय, काढावेत का?

अगदी शेवटी. मुलाला शिक्षणासाठी कर्ज मिळतं, तुम्हाला म्हातारपणासाठी कुणी कर्ज देत नाही. आधी ५२९ खातं (शिक्षणासाठीच्या बचतीचं) असेल तर ते, मग मुलाच्या नावचं केंद्र सरकारचं कर्ज, मग ४०१-के वरचं कर्ज किंवा रॉथची मुद्दल. जुलै २०२६ पासून पालकांच्या नावे मिळणाऱ्या केंद्रीय कर्जाला दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आली आहे, त्यामुळे आयआरएकडे वळणारी घरं वाढतील, हे मला दिसतंय. मुलांच्या शिक्षणासाठी आपले आईवडील पोटाला चिमटा घेत आले, तो संस्कार मला कळतो. पण पंचावन्नाव्या वर्षी काढलेले ३०,००० पुन्हा साठवायला हातात फार वर्षं नसतात.

रिटर्नमध्ये नेमकं काय भरायचं?

१०९९-आर च्या सातव्या चौकटीतला '१' म्हणजे 'मुदतीआधी काढले, अपवाद आम्हाला माहीत नाही'. तुम्ही कशासाठी काढले हे आयआरए सांभाळणाऱ्या कंपनीला कळायचा मार्ग नाही. ते तुम्हीच सांगायचं: फॉर्म ५३२९ चा पहिला भाग, दुसऱ्या ओळीवर अपवादाचा क्रमांक ०८ आणि पात्र खर्चाची रक्कम.

हा फॉर्म राहिला तर वर्ष-दीड वर्षाने आयआरएसचं (केंद्रीय कर खात्याचं) सीपी२००० पत्र येतं, त्यात १० टक्के आणि व्याज मांडलेलं असतं. घाबरून लगेच पैसे भरू नका. पत्रावर दिलेल्या मुदतीत ५३२९ भरून कागदांसह उत्तर पाठवा. दंड आधीच भरून टाकला असेल तर रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून परत मागता येतो. गेल्या वर्षी एका ताईंचे १,८५० डॉलर असेच परत आले. त्यांच्या पाकिटात होतं ते एवढंच: कॉलेजचा १०९८-टी (फीचा दाखला), दोन्ही सेमिस्टरची बिलं, भाड्याच्या पावत्या, पुस्तकांची बिलं आणि राहण्या-जेवणाचा आकडा सांगणारा कॉलेजचा तो एक ईमेल.